सिंदूरगिरीची पायवाट

गेल्या कार्तिकात आमच्याकडे कळमेश्वरास मुक्कामाला आलेल्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी रामटेकचा गड पाहण्याची इच्छा प्रकट केली, आणि घरातील तरुण मंडळी तत्काळ भाड्याच्या मोटारीची तजवीज करू लागली, तेव्हा त्यांनी हात वर करून सर्वांना थांबवले व म्हणाले, "मोटार नको. तुमच्या गावचा माणूस एरवी जसा जात असेल, तसेच जाऊ या." ही सूचना ऐकावयास साधी असली तरी अमलात आणावयास तितकी साधी नव्हती, कारण कळमेश्वर नागपूर जिल्ह्याच्या एका अंगाला आणि रामटेक दुसऱ्या अंगाला, आणि मधे नागपूर शहर असे पसरलेले की त्याला वळसा घालून जाणारी सोयीची गाडी सामान्य उतारूला मिळत नाही. तेव्हा कळमेश्वरच्या माणसाला रामटेकास जावयाचे झाले तर आधी नागपुरास जावे, तेथे गाडी बदलावी, मग रामटेक गाठावे, आणि गावात उतरल्यावर गड समोर दिसत असतानाही पुढचा चढ स्वतःच्या पायांनी चढावा, असाच क्रम पडतो. ह्या क्रमाला पुष्कळ लोक अडचण समजतात. मी त्याला गड पाहण्याची योग्य रीत समजतो, आणि ती का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

कळमेश्वर हे तहसिलीचे ठिकाण नागपूरच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरांवर, काटोलकडे जाणाऱ्या सडकेवर वसलेले आहे. भोवतालची जमीन काळी, कसदार. तीत कापूस आणि संत्री. पुढे काटोल-नरखेडपर्यंत संत्र्यांच्या बागांचाच मुलूख. आमच्या लोकांना टेकडीवरच्या दैवतांची अपूर्वाई नाही. धापेवाड्याच्या विठोबाचे दर्शन घेऊन जवळच्या अदाशाच्या टेकडीवरील भव्य गणपतीपुढे नारळ वाढवून दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. परंतु अदासा म्हणजे घरचे अंगण आणि रामटेक म्हणजे यात्रा, असा भेद आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या बोलण्यात स्पष्ट असतो. "अदाशाला गेलो होतो" आणि "रामटेक केलं" ह्या दोन वाक्प्रयोगांतल्या क्रियापदांवरूनच तो कळतो.

कळमेश्वरहून नागपुरास येण्याचे दोन मार्ग: एस.टी. आणि रेल्वे. आमचे स्थानक नागपूर-इटारसी मार्गावर आहे. गोधनी, भरतवाडा, कळमेश्वर, कोहळी असा तेथला क्रम. दक्षिणोत्तर धावणाऱ्या नामांकित गाड्या ह्याच रुळांवरून जातात, पण त्या आमच्या फलाटाकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. थांबतात त्या मोजक्या पॅसेंजर गाड्या, आणि त्यांच्या वेळा नोकरदार व बाजारहाट करणाऱ्या लोकांच्या सोयीने बेतलेल्या, यात्रेकरूंच्या नव्हे. म्हणून ज्याला त्याच दिवशी गड चढून संध्याकाळी परत यावयाचे आहे, त्याने सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या एस.टी.वर भिस्त ठेवावी, हे उत्तम. आमचे स्नेही पंचाहत्तरी ओलांडलेले. २६ ऑगस्ट २०२२ पासून अशा ज्येष्ठांना राज्यात एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला असल्याने वाहकाने त्यांचे आधारपत्र डोळ्यांजवळ नेऊन न्याहाळले, यंत्राच्या कळा दाबल्या आणि शून्य रुपयांचा कागदी तुकडा त्यांच्या हाती दिला. तो त्यांनी मोठ्या कौतुकाने चष्म्याच्या घरात जपून ठेवला. मागच्या बाकावरील बायकांचे तिकीट अर्धे होते, कारण १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे पडते. त्या दिवसापासून देवस्थानांकडे जाणाऱ्या गाड्यांतील लुगड्यांची संख्या वाढली आहे, हे माझ्यासारख्या नित्याच्या उतारूस कोणत्याही अहवालावाचून दिसते. आज एकच दिसणारी ही लाल गाडी मुळात एकाच घरची नव्हे, हेही येथे नोंदवून ठेवावे. मुंबई राज्यात एस.टी. १९४८ साली सुरू झाली त्या वेळी आमचा इलाखा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता व तेथील प्रांतिक परिवहन निराळे होते. १९६१ साली महामंडळ स्थापन झाले तेव्हा ते त्यात विलीन झाले.

रेल्वेने जाण्याचा हट्ट धरणाऱ्याला नागपुरात एक कोडे उलगडावे लागते. कळमेश्वरची गाडी त्याला नागपूरच्या मुख्य स्थानकात आणून सोडते, तर रामटेकची गाडी सुटते इतवारीहून. आणि ही दोन स्थानके एकाच शहरात असूनही एकमेकांपासून इतकी दूर की मधले अंतर ऑटोरिक्षाने तोडावे लागते. ह्याचे मूळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या दोन कंपन्यांच्या हद्दींत आहे. मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपुरास पोहोचली. पूर्वेकडचा, छत्तीसगडाच्या दिशेचा मुलूख १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. आणि इटारसीकडचा आमचा मार्ग त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९२०च्या दशकात पुरा झाला. कंपन्या गेल्या, त्यांची नावे गेली, पण हद्दींची सवय गेली नाही: आजही मुख्य स्थानक मध्य रेल्वेचे आणि इतवारी दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचे. इतवारीहून निघालेली गाडी कळमना, कामठी, कन्हान, डुमरी करीत रामटेकला पोहोचते आणि तेथे रूळच संपतात. रूळ संपणाऱ्या स्थानकाची शोभा काही और असते. गाडी चुकून पुढे नेईल ही भीतीच नसल्यामुळे उतारू तेथे सावकाश, पिशव्या मोजून उतरतात.

आम्ही मात्र गणेशपेठेच्या बसस्थानकावर गाडी बदलणार होतो, आणि हाताशी तासभर होता. तेवढ्यात नागपूरच्या स्वतःच्या टेकडीकडे नजर टाकल्याशिवाय पुढे जाणे मला प्रशस्त वाटले नाही. रेल्वे स्थानकाची सध्याची दगडी इमारत, जिचे उद्घाटन १५ जानेवारी १९२५ रोजी झाले, तिच्या जवळच टेकडीच्या गणपतीचे देवालय आहे आणि त्यामागे सीताबर्डीचा किल्ला. शहराच्या मध्यभागी असलेल्या ह्या जोडटेकडीवर २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सने ह्याच टेकड्यांचा आश्रय केला होता. लढाईचा निकाल नागपूरकरांना ठाऊक आहे, आणि टेकडीवरचा तट त्या निकालानंतरचा आहे. आज तेथे सैन्याचा तळ असल्यामुळे सामान्य नागरिकास वर्षातून तीनच दिवस वर जाण्याची मुभा असते: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. आता तर मेट्रोचे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात ते सीताबर्डीलाच, आणि झिरो माइलचे स्थानकही जवळच, म्हणजे पोहोचण्याची सोय पराकाष्ठेची आणि प्रवेशाची मात्र तीन दिवसांची. रामटेकची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट आहे. तेथे प्रवेशास आडकाठी नाही, फक्त पोहोचावे लागते.

सीताबर्डीच्या टेकडीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली तीत आहे. ही टेकडी दख्खनच्या काळ्या पाषाणाची, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाच्या थरांची आहे. आणि दोन थरांच्या मधे, एक लाव्हा निवून दुसरा येईपर्यंतच्या अवकाशात साचलेल्या तळ्यांचा गाळ दगड होऊन बसलेला आहे. नागपूरचा पाद्री स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचे महाविद्यालय शहरात आहे, त्याने येथील व टाकळीच्या अशा थरांतून गोड्या पाण्यातल्या शंखांचे व वनस्पतींचे अवशेष गोळा करून १८५५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. कळमेश्वरची काळी जमीन ह्याच लाव्हाची माती. परंतु नागपूर शहर नेमके ह्या काळ्या पाषाणाच्या पूर्व काठावर वसलेले आहे. तेथून पूर्वेस निघालेल्या उतारूच्या पायाखालची भूमी बदलत जाते: कामठीच्या आसपास वाळूचा दगड लागतो, जो लाव्हाच्या कितीतरी आधीचा, सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकलेला आहे आणि ज्याला भूशास्त्रज्ञांनी कामठीचेच नाव दिले आहे; कन्हान नदीचा पूल ओलांडून मनसरकडे गेले की मँगनीजच्या खाणींचे काळसर ढिगारे दिसतात; आणि रामटेकची टेकडी ज्या कठीण क्वार्ट्झाइटची व अभ्रकाने चमकणाऱ्या शिस्टची घडलेली आहे, तो खडक लाव्हा आणि वाळूचा दगड ह्या दोहोंहून प्राचीन. अर्थात उतारू सत्तर किलोमीटर पुढे जातो खरा, पण कालमानाने पाहता तो सारखा मागे मागे जात असतो. शेतेही त्याप्रमाणे बदलतात. निघताना खिडकीबाहेर कपाशी व संत्री असतात. कन्हान मागे पडली की धानाचे बांध सुरू होतात. गाडी गचके देत चालली असता आमच्या स्नेह्यांनी हे पालटणारे रान पाहिले आणि म्हणाले, "एका जिल्ह्यात दोन जेवणे आहेत की हो!" ते बरोबरच होते, आमच्या ताटात भाकरी आधी येते, रामटेककडे भात.

रामटेकच्या बसस्थानकावर उतरल्यावर गड डोक्यावरच दिसतो. आंबागडच्या डोंगररांगेचे हे पश्चिमेकडील तुटके टोक गावाच्या वर चार-पाचशे फूट उंच उठले असून माथ्यावर देवळांची पांढरी शिखरे आहेत. येथे नवख्या माणसाची पहिली चूक होते. तो समोरच्या ऑटोवाल्याला "गड" एवढा एकच शब्द सांगतो, आणि ऑटोवाला त्याला डांबरी सडकेने माथ्याजवळच्या वाहनतळावर नेऊन सोडतो. तेथून थोड्या पायऱ्या, दर्शन, छायाचित्र, आणि पाऊण तासात खाली. गुडघ्यांनी ज्यांना रजा दिली आहे त्यांनी असेच जावे, त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याचे पाय शाबूत आहेत त्याने "अंबाळा" म्हणावे. गावापासून अर्ध्या तासाच्या पायपिटीवर, टेकडीच्या पलीकडच्या कुशीत अंबाळा तलाव आहे. तिन्ही बाजूंनी डोंगराची मिठी, काठावर भोसलेकालीन घाट आणि लहानमोठी देवळे, पाण्यात टेकडीचे प्रतिबिंब. येथे लोक अस्थिविसर्जन व पिंडदान करतात, स्नान करतात, आणि ओल्या पावलांनी दगडी पायऱ्या चढू लागतात. जुनी यात्रा अशीच होती: आधी पाणी, मग डोंगर, मग देव.

अंबाळ्याच्या पायऱ्या सारख्या मापाच्या नाहीत. काही वीतभर उंच, काही हातभर. काही यात्रेकरूंच्या तळव्यांनी घासून मधोमध खोलगट झालेल्या, इतक्या की पावसाचे पाणी त्यांत वाटीसारखे साचून राहते. मी सवयीप्रमाणे मोजावयास आरंभ केला. वरून डोक्यावर टोपली घेऊन उतरणारी एक म्हातारी थांबली, माझ्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले आणि म्हणाली, "मोजून काऊन राहिला बाप्पा? मोजल्या का त्या वाढते." मी मोजणे सोडले. तिच्या टोपलीत चण्याच्या पुड्या होत्या. त्या देवासाठी नव्हेत, वानरांसाठी. काळ्या तोंडाच्या वानरांचा ह्या टेकडीवर मोठा अंमल आहे, आणि नारळाची पिशवी हातात उघडी धरून चालणाऱ्यास ते जकात वसूल केल्याशिवाय पुढे सोडीत नाहीत. तिने आम्हांला एक व्यावहारिक सल्लाही दिला: पिशवी पदराखाली, आणि पदर नसेल तर सदऱ्याखाली. आमच्या स्नेह्यांनी तो तत्काळ अमलात आणला आणि पोट सुटल्यासारखे दिसत ते उरलेला चढ चढले. दर पंचवीस-तीस पायऱ्यांवर आम्ही बसत होतो. वाटेतला एक फुटका दगड उचलून पाहिला तर आतून तांबूस, शेंदराच्या जवळचा रंग निघाला. ह्या टेकडीचे एक जुने नाव सिंदूरगिरी असे आहे. नरसिंहाने हिरण्यकशिपूचा वध केला तेव्हा रक्ताने हा डोंगर लाल झाला, अशी स्थलपुराणाची कथा. खडकातल्या लोहाने ती रंगविण्यास हातभार लावला असावा, असे मला वाटते.

चढ संपून जो परिसर लागतो तेथे नरसिंहाची दोन देवळे आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह, आणि घाईचा यात्रेकरू नेमका त्यांनाच वगळून पुढे जातो. कारण बाहेरून ती दिसण्यासारखी नाहीत. शिखर नाही, कोरीव पताका नाहीत. जाड भिंतींची, सपाट माथ्याची, ओबडधोबड दगडी घरे म्हणा ना. पण ह्या ओबडधोबडपणातच त्यांचे वय आहे. ही वाकाटकांच्या काळची, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. ज्या काळी उत्तरेत गुप्तांचे साम्राज्य होते आणि अजिंठ्याची उत्तम लेणी खोदली जात होती किंवा खोदली जावयाची होती, त्या काळची. आत गेल्यावर डोळे अंधारास सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग एक प्रचंड सिंहमुख, रुंद खांदे, एक गुडघा उभा केलेली बैठक, असा नरसिंह हळूहळू समोर आकारास येतो. आमचे स्नेही बराच वेळ उंबऱ्यातच उभे राहिले. १९८०च्या दशकात जतनाच्या कामात ह्या केवल नरसिंहाच्या मंडपाच्या भिंतीवरील चुन्याचे पुट काढले असता त्याखाली एक खंडित शिलालेख निघाला, आणि वाकाटक घराण्याच्या इतिहासाचे एक हरवलेले पान हाती लागले. त्याचा मजकूर जागोजाग झिजलेला असला तरी त्याचा संबंध प्रभावतीगुप्तेशी आहे, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. तिच्या कन्येने मातेच्या स्मरणार्थ हे देवालय उभारले, असा त्याचा अन्वय लावला जातो.

ही प्रभावतीगुप्ता कोण, हे सांगितल्याशिवाय गडाची गोष्ट पुरी होत नाही. गुप्तसम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ती कन्या. वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन ह्याला दिलेली. आणि पतीच्या अकाली निधनानंतर अज्ञान पुत्रांच्या वतीने निदान तेरा वर्षे तिने विदर्भाचा कारभार पाहिला. तिची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकपासून थोड्याच अंतरावर असलेले आजचे नगरधन. तेथे २०१५ ते २०१८ ह्या काळात झालेल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. पैकी पुण्यात आढळल्यामुळे पुणे ताम्रपट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दानपत्रात हे दान कार्तिक शुद्ध द्वादशीस भगवंताच्या पावलांशी अर्पण करून दिल्याचा उल्लेख आहे, आणि अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या दानपत्रात दानाचे स्थानच रामगिरीच्या स्वामीचे पाय असे सांगितले आहे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ह्या सरकारी दस्तऐवजांत राणीने ज्याला साक्ष ठेवले, ती मूर्ती नव्हे, ती पावले होत. कार्तिकाच्या शुद्ध पक्षातच आज गडाची मोठी यात्रा भरते.

पावलांचा हाच संदर्भ संस्कृत वाङ्मयातही आला आहे. मेघदूतातला यक्ष स्वामीच्या शापाने एक वर्ष रामगिरीवर राहतो, आणि तेथील डोंगराच्या उतारावर रघुपतीची वंद्य पावले उमटलेली असल्याचे कवीने सांगितले आहे. हा रामगिरी कोणता, ह्यावर पंडितांनी बरीच शाई खर्च केली आहे: टीकाकार मल्लिनाथाने चित्रकूट म्हटले, कोणी छत्तीसगडातील सुरगुज्याच्या रामगडाचा पक्ष घेतला, आणि नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनी वाकाटकांच्या ताम्रपटांचा आधार देऊन रामटेकची बाजू मांडली. चंद्रगुप्ताची मुलगी येथे राज्य करीत होती, आणि कालिदास त्या दरबाराशी संबद्ध मानला जातो, एवढे ध्यानात घेतले म्हणजे मिराशींचे म्हणणे पटावयास वेळ लागत नाही. निदान आम्हां नागपूरकरांस तर लागत नाही. गडावर कालिदासाचे स्मारक आहे, आणि १९९७ साली स्थापन झालेले कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय खाली गावात. आषाढाच्या पहिल्या दिवशी गडावर उभे राहिल्यास ढग खरोखरच अंगाला लागून जातात. त्या दिवशी मात्र पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून कवित्व सांभाळून पाय टाकावा.

नरसिंहांकडून पुढे गडाचा कोट सुरू होतो. प्रथम वराह दरवाजा. त्याच्याजवळ एका अखंड पाषाणातून घडविलेला अवाढव्य वराह चार पायांवर उभा आहे. त्याच्या पोटाखालून सरपटत पलीकडे निघणाऱ्याचे पाप उरत नाही आणि पापी मनुष्य मधेच अडकतो, अशी समजूत असल्यामुळे तेथे नेहमी थोडी गर्दी व पुष्कळ हशा असतो. पापापेक्षा कंबरेचा घेरच येथे निर्णायक ठरतो, हे पाच मिनिटे बाजूला उभे राहिल्यास कळते. पुढे सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा आणि शेवटी गोकुळ दरवाजा, असे एकामागून एक चौक ओलांडीत जावे लागते. तटबंदीचा बराच भाग मराठ्यांच्या अमदानीतला. पायी येणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येते ती अशी, की हे दरवाजे केवळ शत्रूच्या बंदोबस्तासाठी नाहीत. प्रत्येक दरवाज्यापाशी वाट वळते, चार-सहा पायऱ्या चढतात, सावली पडते, आणि पुढचे अंगण मागच्यापेक्षा लहान होत जाते. खालच्या तलावाचे विस्तीर्ण आकाश असे टप्प्याटप्प्याने आकसत शेवटी गाभाऱ्याएवढे उरते. ज्याला वाहनाने एकदम वरच आणून ठेवले, त्याच्या वाट्यास ह्या आकसण्याचा शेवटचा तुकडा तेवढा येतो.

अगदी आत लक्ष्मणाचे देवालय आधी लागते आणि रामाचे त्यामागे. म्हणून येथे धाकट्या भावाचे दर्शन प्रथम घेण्याची वहिवाट आहे. लक्ष्मणाच्या देवळात यादवराजा रामचंद्राच्या काळचा, तेराव्या शतकाच्या अखेरीचा एक मोठा शिलालेख भिंतीत असून त्यात ह्या डोंगरावरील व भोवतालच्या तीर्थांची वर्णने आहेत. म्हणजे यात्रेकरूंसाठी मार्गदर्शक मजकूर लिहिण्याचा उद्योग, जो मी आज करीत आहे, तो सातशे वर्षांपूर्वीच कोणी दगडावर करून ठेवला आहे, आणि माझ्याहून टिकाऊ. सध्याच्या देवस्थानाला अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी, पहिल्या रघूजीपासून, राजाश्रय दिला. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री देवाचे जुने पीतांबर शिखरावर पेटविण्याचा प्रघात आहे. त्याला त्रिपुर जाळणे म्हणतात, आणि ती ज्योत खालच्या पंचक्रोशीतून लोक हात जोडून पाहतात. त्या दिवसांत एस.टी. जादा गाड्या सोडते, पण त्यांत चढण्याचे कसब वेगळे. खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरण्याची प्राचीन कला तेथे अजून जिवंत आहे.

माथ्यावरच्या सज्ज्यात उभे राहिले की एका बाजूला अंबाळ्याचे पाणी, पलीकडे इंग्रज अमदानीत बांधलेला खिंडसीचा जलाशय, उत्तरेस पेंचच्या रानाकडे जाणारे निळसर डोंगर, आणि पायथ्याशी गावची कौले व पत्रे. आमच्या स्नेह्यांनी कळमेश्वर कुठे असेल म्हणून विचारले. मी पश्चिमेकडे, धुरकट क्षितिजाकडे बोट केले. तेथे काहीच दिसत नव्हते, पण त्यांनी समाधानाने मान डोलावली.

आता थोडे व्यवहाराचे. कार्तिक ते माघ हा काळ सर्वांत बरा. चैत्र-वैशाखात दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे, तेव्हा दहाच्या आत वर पोहोचावे. पाणी खालूनच बरोबर घ्यावे. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ रामटेकला उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावी, आणि त्या गाडीवर विसंबू नये. तिच्या आधीच्या गाडीने निघावे, कारण नागपुरास पोहोचल्यावर कळमेश्वरची गाडी मिळणे हा निराळाच प्रश्न शिल्लक असतो. एकदा हा हिशेब न केल्यामुळे मी आणि माझा धाकटा भाऊ नागपुरातील एका बसस्थानकाच्या बाकावर पहाटेपर्यंत बसलो होतो, आणि रामाच्या वनवासाविषयी त्या रात्री माझ्या मनात जितका आदर उत्पन्न झाला तितका कीर्तनांतूनही कधी झाला नाही.

उतरताना आम्ही अंबाळ्याकडे न जाता गावाच्या बाजूच्या पायऱ्या धरल्या. उतार चढापेक्षा गुडघ्यांस अधिक छळतो. आमचे स्नेही आडवे पाय टाकीत, माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरत होते, आणि सदऱ्याखालच्या पिशवीतला प्रसादाचा नारळ अजून सुरक्षित होता. रामटेक हे विड्याच्या पानांसाठी जुन्या काळापासून नावाजलेले गाव. बारई लोकांचे पानमळे भोवताली आहेत. पायथ्याच्या एका टपरीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने होती. टपरीवाल्याने एक पान उचलून उजेडाकडे धरले, शिरा दाखवल्या, देठ खुडला आणि आमच्या स्नेह्यांना विचारले, "गडावर चालत गेले होते का, काका?" त्यांनी होकार दिला. त्याने काही न बोलता विड्यात जरा जास्त काथ घातला, दोन पाने वरून फुकट दिली, आणि बसस्थानकाकडे जाणारी जवळची गल्ली दाखवली.